पाणी पिऊन येते

१२ ऑक्टोबर
ड्रेटन, नॉर्थ डकोटा

सिस्टर क्लोटिल्डा यांना,

तुमचं पत्र मला मे महिन्यात मिळालं. आज बारा ऑक्टोबर. मधले पाच महिने मी काय करत होते असं विचाराल तर काहीच नाही. पण ते काहीच नाही करायला मला चार राज्यं लागली. पत्र मात्र कायम बरोबर होतं. काही दिवस गाडीच्या काचेपुढं, काही दिवस बुटात (कोरडं राहावं म्हणून, अपमान म्हणून नाही), एकदा पिठाच्या डब्यात. चार वेळा उत्तर लिहायला बसले. एकदा पेन संपलं. एकदा शेजारच्या तंबूतल्या माणसाचा पाळलेला हंस सुटला आणि आम्ही सगळे त्याच्या मागं. उरलेल्या दोन वेळांना सबब नाही.

पत्र आईनं पुढं पाठवलं होतं. पाकिटावर तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'नन्सकडून आलंय. आता काय केलंस?'

आत तुमच्या तीनच ओळी. 'प्रिय विनिफ्रेड, तुझं कॉलेजचं नववं वर्ष चालू आहे. अभ्यास फार अवघड जातोय का? तुझं कार्ड माझ्या पुस्तकात सुखरूप आहे.'

वाचून मी आधी हसले. मग गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

सिस्टर, माझं कार्ड कधीच जळलं असं मी धरून चालले होते. आम्हा मुलांना जे सांगितलं जायचं ते लिहिते, चुकत असेन तर दुरुस्त करा. सप्टेंबरात सेंट वालबुर्गा कॉलेजात आलेल्या प्रत्येक नव्या पोराचं नाव कार्डावर लिहून पावाच्या टोपलीत टाकतात. टेकडीवरच्या मठातली प्रत्येक सिस्टर एक कार्ड उचलते आणि ते पोर पदवी घेईपर्यंत रोज सकाळी त्याच्या नावानं प्रार्थना करते. भेटायचं नाही, बोलायचं नाही, चौकशी करायची नाही. पदवीच्या आदल्या दिवशी मुलं टेकडी चढून मठाच्या पायऱ्यांशी जातात. सिस्टर वरच्या पायरीवर उभी राहून पूर्ण नावानं हाक मारते, कार्ड हातात देते आणि टोपलीतून नवं नाव घ्यायला मोकळी होते. जे मधेच सोडून जातात त्यांच्याबद्दल ऑफिसातून मठात चिठ्ठी जाते, आणि त्यांची कार्डं टोपलीत परत जमा होतात; ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी ती जुन्या वाळक्या झावळ्यांबरोबर जाळतात. तीच राख दुसऱ्या दिवशी आमच्या कपाळाला.

आम्ही त्यावर थट्टा करायचो. "माझ्या कपाळावर कोण आलंय बघ गं." "डेन्व्हरला पळालेला तो गोलकीपर दिसतोय. अजून तिरकाच उभा आहे."

म्हणजे सात वर्षं मी समजत होते की मीही कुणाच्या तरी कपाळाला लागले आणि तोंड धुताना निघून गेले. खरं सांगायचं तर बरं वाटायचं त्यात. हिशेब मिटल्यासारखं.

मी कॉलेज सोडलं ते पपांसाठी. त्यांची पाठ धरली होती, शेतावर माणूस हवं होतं. ऑफिसात कळवायचं गडबडीत राहिलं असणार, म्हणून तुमच्यापर्यंत चिठ्ठी आली नसेल. चूक माझी.

तर विनंती एवढीच, की ते कार्ड आता टोपलीत टाका आणि येत्या सप्टेंबरात नवं नाव उचला. एका नावावर नऊ वर्षं म्हणजे फार झालं. तुम्हाला एखादं नीट पोर मिळेल. नर्सिंग शिकणारं वगैरे.

मी इथं साखरेच्या बीटवर आहे. ट्रक येतात, मशीन बीटचे डोंगर रचतं, मी हात करून ट्रकना सांगते, ये, अजून ये, थांब. एक एक बीट बाळाच्या डोक्याएवढं. माझा फोन याच डोंगरात कुठंतरी गेला, तेव्हा पुढच्या वर्षी कुणाच्या चहात तो निघाला तर नवल नाही. पत्ता पाकिटावर आहे, पण उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

विनी नोवोत्नी

ता. क. तुमच्याकडं जेवणाच्या टेबलावर पत्रं मोठ्यानं वाचतात असं ऐकलंय. हे नका वाचू.


९ नोव्हेंबर
ख्रिसमसच्या झाडांचा मळा, विस्कॉन्सिन

सिस्टर,

उत्तर आलं. तुम्ही लिहिलंय, 'तुझं अक्षर वाईट आहे. माझे डोळे वाईट आहेत. बरोबरी झाली.' आणि पुढं, 'पत्र टेबलावर वाचलं. तू नको म्हणालीस ते शेवटी होतं, तोपर्यंत वाचून झालं होतं. हंसाचं काय झालं असं सिस्टर बर्निटा विचारते आहे.'

हंस सापडला. ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसला होता. सिस्टर बर्निटांना सांगा.

आता ती दुसरी गोष्ट. तुम्ही कार्ड टोपलीत टाकणार नाही म्हणता. कारण काही दिलं नाही. वर लिहिलंय की मठाच्या नव्या प्रमुख सिस्टरांनी साफसफाई काढली आहे, पाच वर्षांपेक्षा जुनी कार्डं या वेळी सरसकट झावळ्यांबरोबर जाणार, सतरा फेब्रुवारीला, जेवणानंतर. 'मी त्र्याण्णव वर्षांची आहे. मला कार्ड आगीत टाकायचं नाही, हातात द्यायचं आहे. टेकडी तुझ्या ओळखीची आहे.'

टेकडी माझ्या ओळखीची आहे, सिस्टर. पण ज्या पायऱ्यांवर कार्डं देतात तिथं पदवी घेतलेली मुलं उभी राहतात. मी तीन सत्रं आणि एक तुकडा शिकले. लॅटिनमध्ये काठावर. वनस्पतिशास्त्रात बरी, कारण ते बाहेर हिंडून व्हायचं. मी कुठल्या तोंडानं वर येऊ?

आणि तुम्ही शेवटी लिहिलंत, 'तुझ्या वडिलांची पाठ बरी झाली असेल अशी आशा. मी त्यांच्यासाठीही प्रार्थना चालू केली आहे.'

ते थांबवा. म्हणजे, करायची तर करा, पण पाठीसाठी नको. पपांची पाठ बैलासारखी आहे. घरी माझे दोन भाऊ आहेत आणि एक मशीन आहे, मशीन भावांपेक्षा कमी बोलतं आणि जास्त काम करतं. मी शेतावर गेलेच नव्हते. मी खोटं लिहिलं. खोट्या पाठीवर एक नन रोज सकाळी खऱ्या प्रार्थना घालतेय हे मला सहन होईना. झाडं बांधताना दोरी दोनदा चुकली.

खरं कारण एक मुलगा होता. ट्रम्पेट वाजवायचा. त्याच्या मागं गेले. झालं.

इथं मी झाडांना जाळीत गुंडाळते. लोक बर्फात येतात, पोरांना घेऊन, आणि प्रत्येक घरात एकजण हटकून म्हणतो, "हे वाकडं आहे." मालकीणबाई म्हणतात, "वाकडी बाजू भिंतीकडं करा." आज एक लहान मुलगी त्यावर म्हणाली, "मग भिंतीला दिसेल ना." मला ती फार आवडली. कुठं होते मी? हां, ट्रम्पेट. त्याबद्दल अजून काही सांगण्यासारखं नाही.

विनी


२० डिसेंबर
तोच मळा

सिस्टर,

तुमचं नाताळचं कार्ड मिळालं, मेंढपाळाच्या नाकावर डाग असलेलं. आत एकच ओळ. 'ट्रम्पेटवाल्याचं नाव काय, म्हणजे त्यालाही यादीत घेते.'

तुम्ही मला छळताय का? मालकीणबाईंना वाचून दाखवलं तर त्या टेबलावर हात आपटून हसल्या. "या बाईनं तुला पुरतं ओळखलंय पोरी!" मी म्हटलं, "मला भेटल्याही नाहीत." "म्हणूनच तर," त्या म्हणाल्या.

ट्रम्पेटवाला नाही. म्हणजे होता, एक होता, पण तो गोलकीपरच्या बहिणीबरोबर फिरायचा आणि मला 'विनोना' म्हणायचा.

लिहितेच आता. हे टेबलावर वाचलंत तरी चालेल. तिथल्या निम्म्या सिस्टरांना माहीतच असेल.

दुसऱ्या वर्षाच्या वसंतात प्रत्येकाला उभं राहावं लागतं. फादर एमेरान आपल्या जुन्या हॅटमध्ये प्रश्न घालून आणतात, तुम्ही एक उचलायचा, तीन आठवडे त्यावर विचार करायचा, आणि मग भोजनगृहात सगळ्या कॉलेजसमोर, हातात कागद न घेता, आपलं उत्तर सांगायचं. बरोबर-चूक काही नसतं. फादर म्हणायचे, "मला हुशारी नको, मला तुम्ही पाहिजे." हुशारी कुठूनतरी आणता आली असती.

माझ्या वाट्याला आलेला प्रश्न होता, 'ज्याला आपण ओळखत नाही त्याच्यावर प्रेम करता येतं का?'

मी तयारी केली होती, सिस्टर. लोकांना वाटलं असेल केली नव्हती. पूर्ण तयार होते. माझ्या आधी शेतकी कुटुंबातला एक दांडगा मुलगा उभा राहिला, अन्याय म्हणजे काय यावर बोलताना त्याचा आवाज फुटला आणि सगळ्यांनी बाकं बडवली. मग फादरनी माझं नाव घेतलं. मी पुढं गेले. पाचशे चेहरे. वरच्या सज्जात लाकडी जाळी, तिच्यामागं सिस्टरा बसतात हे माहीत होतं, दिसत कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं.

आणि म्हणाले, "एक मिनिट हं फादर, पाणी पिऊन येते."

फादर म्हणाले, "ये की."

बाजूच्या दारानं बाहेर पडले. नळ डाव्या हाताला होता. मी उजवीकडं गेले. स्वयंपाकघरामागं बटाटे उतरवून एक ट्रक निघाला होता, ड्रायव्हर माझ्या गावाकडचाच. म्हणाला, "कुठं?" मी म्हटलं, "तुम्ही कुठं?" तो म्हणाला, "ग्रँड आयलंड." मी म्हटलं, "तिथंच."

सात वर्षं झाली. मी अजून पाणी पिऊन यायची आहे.

आईला सांगितलं की मन रमलं नाही. भावांना सांगितलं की तिथलं जेवण वाईट होतं. (तसं नव्हतं. शुक्रवारचं माशांचं सूप अजून आठवतं.) तुम्हाला पपांची पाठ सांगितली. प्रत्येकाला वेगळं. कुणाला काय सांगितलं ते आठवेना झालं की मी गाव बदलते.

तेव्हा आता कळलं ना कसली आहे मी? ते कार्ड टाका टोपलीत.

तुम्हाला नाताळच्या शुभेच्छा. सिस्टर बर्निटांनाही.

विनी


२६ जानेवारी
व्हॅलेंटाईन गावाच्या दक्षिणेला एका कुरणावर, नेब्रास्का

सिस्टर,

पाकिटावर वेगळं अक्षर बघून मी ते अर्धा दिवस फोडलं नाही. गाईंना चारा टाकला, कुंपण बघून आले, परत आले, पाकीट तिथंच.

मग फोडलं. सिस्टर बर्निटांचं अक्षर. 'मी बर्निटा. ती चॅपलमध्ये पडली. हाड मोडलेलं नाही, मनगट सुजलंय. तिला खालच्या मजल्यावर आजारी सिस्टरांच्या खोल्यांत हलवलंय. ती सांगते आहे, मी लिहिते आहे. माझं मत कुणी विचारलेलं नाही.'

मी ते तीनदा वाचलं. मनगट सुजलंय. कुठलं? उजवं असणार, म्हणून लिहिता येत नाही. बर्फ लावता ना? लावा. इथं वासराचा पाय मुरगळला तर आम्ही थंड चिखल लावतो, पण तुम्ही बर्फच लावा.

आणि मग पुढचं, तुमच्या शब्दांत.

'विनिफ्रेड, ऑफिसातून चिठ्ठी आली होती. सात वर्षांपूर्वी, मे महिन्यात. त्यावर लिहिलं होतं: सोडून गेली. मी ती माझ्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली आणि कुणाला सांगितलं नाही. मी जाळीमागं बसले होते. तू काय म्हणालीस ते मी ऐकलं. पाणी प्यायला गेलेल्या माणसाला सोडून गेली म्हणत नाहीत. त्या दिवशी बाकीच्या उठून गेल्या, मी संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत बसले. नंतर विचार केला, लांबच्या नळावर गेली असेल.'

खाली बर्निटांनी कंसात आपलं घातलंय. '(म्हणजे ही सात वर्षं आम्हा सगळ्यांशी खोटं बोलत होती. दर सप्टेंबरात टोपली फिरली की म्हणायची, माझी मुलगी अजून शिकतेय. आम्हाला वाटलं डॉक्टर होतेय.)'

सिस्टर, मी गोठ्यात जाऊन बसले. गाय व्यायला आली होती, तिला माझी गरज होती असं नाही, मलाच तिची होती.

तुम्ही लिहिता की कार्डासाठी पदवी नको. 'फादर एमेरान गेले, पण प्रश्न तुझ्याकडंच आहे. उत्तर घेऊन ये. मी ऐकेन, तेवढं पुरे. सतराच्या आत. मी आगीपाशी भांडू शकत नाही, मनगट दुखतं.'

येते.

लिहून टाकलं. आता खोडणार नाही. इथं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कामाला बांधलेली आहे, गाई वितायत, रोज दोन-तीन वासरं. मालक चांगला आहे, बोलत नाही. पंधराला निघते. गाडीचं हीटर चालत नाही पण गाडी चालते. इथून तुमची टेकडी एका दिवसाची वाट आहे. माझ्यासारखीला दोन धरा, मधे काही बघण्यासारखं लागलं तर.

नाही. मधे काही बघणार नाही.

विनी

ता. क. वासराला मालक नाव ठेवत नाही, नंबर ठेवतो. मी एकीला गुपचूप क्लोटिल्डा म्हणते. फार हट्टी आहे, उजवीकडं ढकललं की डावीकडं जाते.


१७ फेब्रुवारी, दुपार
पॉलीनचं हॉटेल, चौरस्ता, तुमच्यापासून चाळीस मैल

सिस्टर,

मी पोचले नाही.

आधी हे सांगते की या वेळी खरंच निघाले होते. पंधराला निघाले. पहिल्या दिवशी वाटेत नदीकाठी हजारो क्रौंच उतरलेले दिसले, यंदा लवकर आलेत, आणि मी गाडी थांबवली नाही. काच खाली करून फक्त आवाज ऐकला. हे माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

काल दुपारपर्यंत गाडी सुरूच झाली नाही, आणि संध्याकाळपासून पाऊस पडतोय आणि पडल्या जागी गोठतोय. आज सकाळी या चौरस्त्यावर गाडी अलगद वळली, कुठलीही घाई न करता, आणि खड्ड्यात जाऊन बसली. मला काही झालं नाही. गाडीला काय झालं ते वसंतात कळेल.

पॉलीन या हॉटेलच्या मालकीण. लूथरन आहेत. माझी गोष्ट ऐकून म्हणाल्या, "तुम्ही कॅथलिक लोक साधी गोष्ट साधी करतच नाही का गं? पोस्टानं पाठवायचं ना कार्ड!" आणि न विचारता माझ्यापुढं चिलीची, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याची, वाटी आणि दालचिनीचा रोल ठेवला.

त्यांच्या फोनवरून मी सकाळी दहालाच मठात फोन लावला. सिस्टर बर्निटा होत्या.

"कुठं आहेस?"

मी सांगितलं.

"चाळीस मैल? सात वर्षांत तू एवढ्या जवळ पहिल्यांदा आलीस."

"आग किती वाजता आहे?"

"तीनला. अंगणात झावळ्या रचल्यात. ओल्या आहेत मेल्या, पेटतील तर शपथ." मग म्हणाल्या, "पोरी, रस्त्यांवर कुणी बाहेर पडू नये असं रेडिओवर सांगतायत. इकडून कुणी येऊ शकणार नाही आणि तिकडून तू निघायचं नाहीस. कळलं? तिथंच बस. कागद घे, तुझं ते उत्तर लिही, रस्ता मोकळा झाला की टाक पोस्टात. प्रमुख सिस्टरांशी मी बोलून बघते. वचन देत नाही."

"त्या कशा आहेत?"

"कोण, ती? सकाळपासून कोट घालून बसलीय. कुणाचं ऐकेल तर ना." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "विनिफ्रेड? या वेळी पाणी प्यायला उठू नकोस."

तर तेव्हापासून बसले आहे. दीड वाजलाय. पॉलीन दर पाच मिनिटांनी येऊन विचारतात, "लिहितेयस की कागदाला ऊब देतेयस?"

लिहिते.

सिस्टर, मी तुम्हाला अजून एक गोष्ट सांगितली नाही. लोकांना वाटलं मी घाबरले. डिसेंबरच्या पत्रात मीही तसंच वाटेल असं लिहिलं. घाबरले नव्हते. गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारी मुलगी मी, पाचशे चेहऱ्यांना काय घाबरणार. माझं उत्तर तयार होतं, आणि ते 'नाही' असं होतं.

ज्याला ओळखत नाही त्याच्यावर प्रेम करता येत नाही. असं मी ठरवून आले होते. तोपर्यंत सगळ्यांनी आपापल्या प्रश्नाला गोड गोड उत्तरं दिली होती, आणि मला वाटलं आपण खरं बोलू. माझं म्हणणं होतं की अनोळखी माणसावर जे करतो ती फक्त सवय असते, किंवा पुण्य कमावणं, किंवा स्वतःचंच कौतुक. प्रेमाला चेहरा लागतो. आवाज लागतो. कुणाचे पाय थंड असतात हे माहीत असावं लागतं. तीन आठवडे घासून तयार केलं होतं. अजून म्हणून दाखवते, एक शब्द चुकणार नाही.

मग पुढं जाऊन तोंड उघडलं आणि नजर वर गेली. ती जाळी. तिच्यामागं तुमच्यापैकी कुणीतरी एकजण माझं कार्ड घेऊन बसली होती. कोण ते मला माहीत नव्हतं. दीड वर्ष रोज सकाळी माझं नाव घेणाऱ्या बाईला मी तोंडावर सांगणार होते की तुम्ही जे करता त्याला प्रेम म्हणत नाहीत.

ते मला जमेना. आणि खोटं 'हो' म्हणणंही जमेना. म्हणून पाणी.

गंमत बघा, तेव्हा एक खोटं बोलायला नको म्हणून पळाले आणि मग सात वर्षं गावोगाव बोलत हिंडले.

आता माझं उत्तर. उभी राहून सांगायचं असतं, म्हणून उभी राहून लिहितेय, काउंटरवर. पॉलीन म्हणतात, बस गं, डोकं फिरलंय का.

मला वाटायचं आधी ओळख, मग प्रेम. तुम्ही उलट्या दारानं आलात. मी उंच की बुटकी हे तुम्हाला लांबून, जाळीतून, एक मिनिट दिसलं तेवढंच. बाकी काही ठाऊक नव्हतं. मी बीटच्या डोंगराखाली उभी असताना, वाकड्या झाडांना जाळी चढवताना, कुठल्यातरी बस अड्ड्यावर बूट उशाला घेऊन झोपलेली असताना, सकाळ झाली की तिथं टेकडीवर कुणीतरी पुस्तक उघडून माझं नाव घेत होतं. मला त्याचा काही उपयोग झाला का? माहीत नाही. झाला असं लिहिलं तर सुंदर वाटेल, पण मला खरंच माहीत नाही. फक्त एवढं कळलं, की मी स्वतःला राख समजत होते आणि मी राख नव्हते. कुणीतरी मला सुकं आणि सपाट ठेवलं होतं, 'सोडून गेली' लिहिलेल्या चिठ्ठीशेजारी.

मग ऑक्टोबरपासून तुमची माझी ओळख व्हायला लागली. पहिल्याच पत्रात मी खोटं बोलले. दुसऱ्यातही. तुम्ही पपांच्या पाठीसाठी प्रार्थना केलीत, ट्रम्पेटवाल्याचं नाव विचारलंत, आणि कार्ड पुस्तकातून हललं नाही.

म्हणून माझं उत्तर असं. ओळख नसताना करता येतं. ते मी आता मान्य करते. ओळख झाल्यावर टिकतं की नाही, हे मला सांगता येणार नाही. ते तुम्हालाच ठाऊक.

संपलं. बाकं बडवायला इथं पॉलीन आणि एक म्हातारे गृहस्थ आहेत, ते पेपर वाचतायत.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. कार्ड जळलं तरी सिस्टर, मला आता

थांबा.

बाहेर एक पांढरी व्हॅन आलीय. बैलगाडीच्या वेगानं. चाकांना साखळ्या बांधल्यात, बाजूवर कॉलेजचं नाव आहे, 'वालबुर्गा'तला 'वा' गेलाय. म्हातारे गृहस्थ पेपर खाली ठेवून म्हणाले, "हा कोण येडा या हवेत?"

एक आडव्या बांध्याची बाई उतरली, घसरली, दार धरून उभी राहिली, आकाशाकडं बघून काहीतरी म्हणाली. नन आहे म्हणून ते वाईट नसणार. या सिस्टर बर्निटा असणार. एकट्याच आहेत. हातात काही नाही. पेन खाली ठेववत नाही, सिस्टर, म्हणून लिहितेय. तुम्हाला काही झालं असेल तर त्या फोन करतील ना, एवढ्या बर्फात येणार नाहीत. की येतील?

त्या पलीकडच्या दाराकडं गेल्या. घडीची खुर्ची काढली. घोंगड्या काढल्या. नाही, घोंगड्यांच्या आत कुणीतरी आहे. डोक्यावर शिकाऱ्यांची भगवी टोपी, कानपट्ट्या खाली ओढलेल्या. मनगटाला पट्टी. मांडीवर जाड पुस्तक.

इतक्या लहान आहात तुम्ही!

पॉलीननी दार उघडलंय. सगळी थंडी आत. हॉटेलाला तीन पायऱ्या आहेत, बर्फानं भरलेल्या, तुम्ही खाली आहात आणि वर कोणी नाही. तुम्ही खुर्ची पुढं ढकलू देत नाही आहात. पुस्तकातून काहीतरी काढून वर धरलंय, आणि एवढ्या लहान अंगातून एवढी मोठी हाक कशी येते कळत नाही.

"विनिफ्रेड ॲग्नेस नोवोत्नी!"

पॉलीन ओरडतायत, "अगं, तुलाच ना? लिहीत काय बसलीस!"

हे पत्र हातातच देते. आले सिस्टर. पाणी प्यायले मी.